एकरकमी पैसा : ठेव, गुंतवणूक आणि वाटणी

महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा आणि एकदाच येणारा पैसा यांत केवळ आकाराचा फरक नसतो. पगारातला एखादा व्यवहार चुकला तर पुढचा महिना ती चूक थोडीफार भरून काढतो; एकरकमी पैशाला असा पुढचा महिना नसतो. शिवाय असा पैसा बहुधा कशाच्या तरी बदल्यात आलेला असतो. निवृत्तीच्या वेळी मिळणारा भविष्यनिर्वाह निधी नोकरीच्या सगळ्या वर्षांच्या बदल्यात येतो, संपादित जमिनीचा मोबदला शेताच्या बदल्यात, आणि विम्याची रक्कम माणसाच्या बदल्यात. ती रक्कम राखून ठेवावी की कशात तरी घालावी, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ हिशेबाचा राहत नाही. कथा-कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी तो पुनःपुन्हा हाताळला आहे. समीक्षेने मात्र त्याची बोळवण बहुतेक वेळा 'कंजूषपणा' किंवा 'लोभ' अशा स्वभावचित्रणाच्या सदराखाली केली आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न त्या सदराबाहेर काढून पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम व्यवहारातला भेद स्पष्ट करून घेऊ. बचतीत मुद्दल जसेच्या तसे राहावे आणि लागेल तेव्हा हाती यावे, ही अपेक्षा असते. मिळणारे व्याज आधी ठरलेले व बेताचे असते. गुंतवणुकीत पैशाचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर होते : जमिनीत, दुकानात, एखाद्या कंपनीच्या भागांत. तेथे वाढीची शक्यता अधिक असते, पण मुद्दल घटण्याची शक्यताही पत्करावी लागते आणि फळ येईपर्यंत थांबावे लागते. येथवर सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट झाली. पण 'ठेव सुरक्षित, गुंतवणूक धोक्याची' असे सरळ समीकरण मांडले की वाचन फसते. सहा टक्के व्याजाने ठेवलेले एक लाख रुपये बारा वर्षांत दोन लाख होतात. त्या बारा वर्षांत भावही दरसाल सहा टक्क्यांनी वाढले असतील, तर त्या दोन लाखांत पूर्वीच्या एका लाखाइतक्याच वस्तू येतात. खुद्द बँकही बुडू शकते. म्हणून तर ठेवींना विम्याचे संरक्षण द्यावे लागते, आणि भारतात त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. तेव्हा धोका दोन्हीकडे आहे, फरक त्याच्या चालीत आहे. ठेव झिजते ती हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. गुंतवणूक बुडते ती एका दिवसात आणि सर्वांदेखत. नाटककाराला दुसरी घटना अधिक मोलाची वाटावी, हे स्वाभाविक होय. रंगभूमीवर चलनवाढ दाखवता येत नाही.

भारतीय भाषांनी या क्रियेला दिलेली नावे पाहिली तर प्रत्येक भाषेने तिची एकेक बाजू पकडलेली दिसते. मराठी 'गुंतवणूक' हा शब्द 'गुंतणे' या क्रियापदातून आला आहे. धागा गुंततो, पाय गुंततो, जीव गुंततो. आणि पैसा गुंतून पडतो, म्हणजे हवा तेव्हा सुटत नाही. गुजरातीतील 'रोकाण' हा शब्द 'रोकवुं' म्हणजे थांबवणे, अडवणे यावरून आलेला आहे; तेथेही पैसा अडकतोच. दक्षिणेकडे दृष्टी वळते. कन्नड 'हूडिके'च्या मागे बैल जुंपण्याच्या अर्थाचे 'हूडु' हे क्रियापद आहे. तेलुगू 'पेट्टुबडि' आणि तमिळ 'मुदलीडु' या दोहोंत 'घालणे, ठेवणे' हा अर्थ असून तमिळमध्ये त्याला 'मुदल' म्हणजे आरंभ किंवा मूळ रक्कम जोडली आहे. आपले 'मुद्दल' यामुळे सहजच आठवते. हिंदीच्या 'निवेश'मध्ये प्रवेश करणे, वस्ती करणे ही संस्कृत छटा आहे. इंग्रजी 'इन्व्हेस्ट'चे मूळ लॅटिनमधील वस्त्र चढविण्याच्या क्रियेत असून, त्याला आर्थिक अर्थ सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडील व्यापाराच्या पत्रव्यवहारातून मिळाला : पैशाने आता मालाचे वस्त्र परिधान केले, असे रूपक. कानडी शेतकऱ्याचा पैसा जुंपला जातो, इंग्रज व्यापाऱ्याचा पैसा वेष पालटतो, आणि मराठी माणसाचा पैसा गुंततो. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचा स्वभाव ठरवू नये हे खरे. पण अनुवादकाने एवढे ध्यानात ठेवावे की या शब्दांची अदलाबदल करताना धोक्याचा सूर बदलतो.

दुसऱ्या बाजूचा 'ठेव' हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. धर्मशास्त्राने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत 'निक्षेप' हे एक स्वतंत्र पद आहे. निक्षेप म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने स्वाधीन केलेली वस्तू. चोरीने, पुराने वा आगीने ती नष्ट झाली आणि राखणाऱ्याने तीतले काही घेतलेले नसेल, तर मनुस्मृती त्याला भरपाईतून मुक्त करते. 'मृच्छकटिक'चा सारा तिसरा अंक या नियमाच्या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगा आहे. वसंतसेनेचे अलंकार चोरीला जातात. चारुदत्त शास्त्राप्रमाणे सुटू शकतो. तरी तो पत्नीची रत्नमाला पाठवतो आणि वर निरोप देतो की अलंकार आपण जुगारात हरलो. दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही त्यामागची व्यथा आहे. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परिचित आहे. आज आपण बँकेतल्या स्वतःच्या पैशालाही 'ठेव'च म्हणतो, पण त्या शब्दात दुसऱ्याच्या विश्वासाचा जुना अंश उरलेलाच आहे.

ठेव दुसऱ्याची असेल तर ती वाढवण्याचा अधिकार राखणाऱ्याला आहे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातला तालान्तांचा दृष्टान्त नेमका याच प्रश्नावर उभा आहे. धनी परदेशी जाताना एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालान्त देतो. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमिनीत पुरतो आणि परतलेल्या धन्याच्या रोषाला बळी पडतो. निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळाले असते, असे धनी त्याला सुनावतो. या कथेतील रक्कम क्षुल्लक नव्हती, हे बहुधा विसरले जाते. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. अर्थात तिसऱ्या दासाने सुमारे वीस वर्षांची मजुरी पुरली होती. त्याच्या वर्गातल्या माणसाच्या हाती एवढी रक्कम दुसऱ्यांदा येणे अशक्य होते.

तिसऱ्या दासाच्या वर्तनाला ज्यू परंपरेतच आधार सापडतो, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटेल. बाबिलोनी तालमूदच्या 'बावा मेत्सिया' या ग्रंथात, बेचाळिसाव्या पत्रावर, श्मुएल या आचार्याचे मत नोंदवले आहे : पैशाचे खरे रक्षण जमिनीत पुरल्यानेच होते. दुसऱ्याचा पैसा पुरणारा दास या मताप्रमाणे निष्काळजी ठरत नाही, उलट नियमाने वागणारा ठरतो. त्याच पत्रावर रब्बी इसहाक यांचे दुसरे मत आहे. माणसाने आपल्या पैशाचे नेहमी तीन भाग करावेत; एक तृतीयांश जमिनीत, एक तृतीयांश व्यापारात आणि एक तृतीयांश हाताशी. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत, कारण एक दुसऱ्याच्या पैशाबद्दल आहे आणि दुसरे स्वतःच्या. दृष्टान्तातील धनी हा भेदच पुसून टाकतो : दासाने दुसऱ्याचा पैसा स्वतःचा असल्यागत वापरावा आणि नफा मात्र धन्याला द्यावा, अशी त्याची अपेक्षा आहे. उपदेशपर अर्थ काहीही असो, व्यवहाराच्या पातळीवर तिसऱ्या दासाची भीती निराधार म्हणता येत नाही.

वाटणीची कल्पना पाली वाङ्मयातही आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात बुद्ध राजगृहातील एका गृहपतिपुत्राला सांगतो की धनाचे चार भाग करावेत. एका भागाचा उपभोग घ्यावा, दोन भाग कामधंद्यात लावावेत आणि चौथा आपत्काळासाठी साठवावा. पाली वाङ्मयाकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी यांचे. या दोन वाटण्या शेजारी ठेवल्या की फरक उमटतो. बौद्ध सूत्रात उपभोगाला मानाचे स्थान आहे आणि जमिनीचा उल्लेखच नाही. धंद्याला अर्धा वाटा आहे. तालमूदच्या सूत्रात उपभोग गृहीत धरलेला किंवा वगळलेला आहे, आणि जमिनीला धंद्याइतकाच मान आहे. एका सूत्रासमोर वाढत्या नगरातील व्यापारी गृहस्थ आहे, दुसऱ्यासमोर केव्हा स्थलांतर करावे लागेल याची शाश्वती नसलेला समाज, असे अनुमान करण्याचा मोह होतो. तसे असेल तर हाताशी ठेवायचा तिसरा हिस्सा हा प्रवासाचा हिस्सा होय. साम्य एवढेच की 'ठेवावे की गुंतवावे' या प्रश्नाला दोन्ही परंपरा 'दोन्ही, पण वेगवेगळे' असे उत्तर देतात.

युरोपीय साहित्यातील प्रसिद्ध कंजूष या कसोटीवर तपासून पाहावेत. मोलिएरच्या १६६८ मधील 'लाव्हार' या नाटकातला आर्पागाँ बागेत दहा हजार एक्यू पुरतो. आचार्य अत्रे यांचे 'कवडीचुंबक' हे त्याच नाटकाचे मराठी रूपांतर. पण हाच आर्पागाँ भरमसाट व्याजाने कर्जही देतो, इतके की अजाणता स्वतःच्या मुलालाच देऊ करतो. बाल्झाकच्या 'युजेनी ग्रांदे' (१८३३) मधील बाप तर त्याच्याही पुढचा. त्याला आर्पागाँचा वंशज मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो सोने पुरून बसत नाही. भाव चढलेला पाहून तो सोने विकतो, सरकारी रोखे घेतो, द्राक्षमळे राखून असतो. खरी निश्चल ठेव त्याच्या मुलीकडे आहे. तिला वाढदिवसाला व नववर्षाला दिलेली सोन्याची नाणी तिने कधीच खर्चू नयेत, केवळ बापाने मागितल्यावर दाखवावीत, असा दंडक आहे. ती नाणी युजेनी चुलतभावाला, शार्लला देऊन टाकते. कादंबरीतला सर्वांत निरागस व्यवहार हाच, आणि त्याचे फळ सर्वांत मलिन : शार्ल परदेशी जाऊन जो व्यापार करतो त्यात माणसांची खरेदीविक्रीही आहे. ज्याला आपण 'कंजूष' म्हणतो तो येथे चतुर गुंतवणूकदार आहे आणि जिला 'दानशूर' म्हणतो तिचे भांडवल गुलामांच्या व्यापाराला लागले. स्वभावाच्या सदराने हे चित्र दिसत नाही.

आता ज्या कृतीसाठी ही सारी पूर्वपीठिका, तिच्याकडे येऊ. लॉरेन हॅन्सबेरी (१९३०–१९६५) यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक मार्च १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले; कृष्णवर्णीय स्त्रीचे तेथे सादर झालेले हे पहिले नाटक. शिकागोच्या दक्षिण भागातील एका अपुऱ्या घरात यंगर कुटुंब राहते. वडील वारले आहेत आणि त्यांच्या विम्याचे दहा हजार डॉलर टपालाने येणार आहेत. आई लीना, मुलगा वॉल्टर ली, त्याची पत्नी रूथ, मुलगी बेनिथा आणि नातू. वॉल्टर एका गोऱ्या धनिकाचा मोटारचालक आहे, आणि त्याला दोन साथीदारांसह दारूचे दुकान काढायचे आहे. बेनिथाला डॉक्टर व्हायचे आहे. लीनाला घर हवे आहे. सारे नाटक या एका धनादेशाभोवती फिरते.

लीना काय करते ते आकड्यांनिशी पाहण्यासारखे आहे. साडेतीन हजार डॉलर ती क्लायबोर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीतील घरासाठी पहिला हप्ता म्हणून भरते. उरलेले साडेसहा हजार ती वॉल्टरच्या हाती देते, पण सूचनेसह : तीन हजार बेनिथाच्या शिक्षणासाठी बचत खात्यात ठेवायचे, बाकीचे साडेतीन हजार स्वतःच्या नावे चालू खात्यात ठेवून स्वतःच्या निर्णयाने वापरायचे. जमिनीत साडेतीन हजार, हाताशी तीन हजार, धंद्याच्या स्वाधीन साडेतीन हजार. रब्बी इसहाक यांची तिहेरी वाटणी येथे जवळजवळ तंतोतंत अवतरली आहे. प्रभावाचा पुरावा शोधण्याची यात आवश्यकता नाही. एकदाच आलेली, पुन्हा न येणारी रक्कम आणि परस्परांशी न जुळणाऱ्या तीन गरजा एकत्र आल्या की कोणतीही शहाणी गृहिणी याच उत्तरापाशी पोचेल. नाटक मराठीत आणू पाहणाऱ्याने 'बचत खाते' आणि 'चालू खाते' हा फरक गाळू नये. 'बँकेत भरले' एवढेच लिहिले तर लीनाची बुद्धी अनुवादातून निघून जाईल.

वॉल्टर ही वाटणी मोडतो. बहिणीच्या वाट्यासह साडेसहाच्या साडेसहा हजार तो विली हॅरिसला देतो आणि विली पैसे घेऊन नाहीसा होतो. येथे दोन सोपी वाचने संभवतात. एक, वॉल्टर हावरा व मूर्ख होता. दोन, भांडवलशाहीच्या स्वप्नाने त्याला फसवले. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण दारूचे दुकान चालले असते की बुडाले असते, हे नाटकात कोठेही ठरत नाही. दुकान उघडतच नाही. बुडाली ती गुंतवणूक नव्हे, कारण गुंतवणूक झालीच नव्हती. तारण नाही, भागीदारीचा कागद नाही, आणि परवाना लवकर मिळावा म्हणून काही रक्कम वर चारायची होती, ज्याची पावती मिळणे शक्यच नव्हते. साथीदार बोबोचीही आयुष्यभराची पुंजी याच वाटेने गेली. आता हिशेब केला तर असे दिसते : वॉल्टरने केवळ आपला वाटा दिला असता तर नुकसान साडेतीन हजारांचे, म्हणजे पस्तीस टक्क्यांचे झाले असते आणि बेनिथाचे शिक्षण वाचले असते. प्रत्यक्षात ते पासष्ट टक्के झाले. अनर्थाचा मोठा भाग धोका पत्करण्यातून आलेला नाही. ज्या पैशावर धोका घ्यायचा नव्हता तोही त्यात मिसळण्यातून आला आहे. वॉल्टरच्या अपराधाचे स्वरूप यामुळे निश्चित होते. तो उद्योजक म्हणून चुकला की नाही हे अनिर्णीत राहते. ठेव राखणारा म्हणून मात्र तो चुकला. चारुदत्ताने न केलेल्या चोरीची भरपाई केली, आणि वॉल्टरपाशी भरपाईला काहीच उरले नव्हते.

वाटणीच्या या शहाणपणाला एक मर्यादा आहे, आणि ती प्रेमचंदांच्या अखेरच्या काळातील 'कफन' या कथेत दिसते. सुनेच्या प्रेतवस्त्रासाठी घीसू आणि माधव गावातून पाच रुपये गोळा करतात आणि दारू-पुऱ्यांत उडवतात. हीदेखील एकरकमीच रक्कम, मृत्यूच्या बदल्यात आलेली. पण पाच रुपयांचे तीन भाग करून उपयोग काय? ठेव आणि गुंतवणूक या दोहोंना उद्याचा दिवस गृहीत धरावा लागतो, आणि त्या दोघांनी तो गृहीत धरणे कधीच सोडले आहे. लीनाजवळ दहा हजार होते म्हणून ती वाटणी करू शकली. मराठीत 'झाडाझडती'सारख्या कादंबरीत धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची परवड वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवावा : मोबदला म्हणून हाती आलेली रक्कम वाटणी करण्याजोगी तरी होती काय? शेत आपोआपच तिहेरी असते. ते जमीन असते, धंदा असते आणि कोठारातले धान्यही असते. त्याचे पैशात रूपांतर होताच तिन्ही एकाच कागदावर येतात.

शेवटी घराविषयी. लीनाचे घर ठेव की गुंतवणूक? कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे याहून दुप्पट महाग होती म्हणून तिने हे घेतले. म्हणजे निवडीत काटकसर होती. पण त्या काळच्या शिकागोत घराचे मूल्य कातडीच्या रंगाशी बांधलेले होते. १९३४ मध्ये स्थापन झालेली संघराज्याची गृहकर्ज-विमा यंत्रणा कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्जविम्यापासून दूर ठेवीत होती. कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा खासगी करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यापूर्वी लेखिकेच्या वडिलांनीच अशा कराराखालील वस्तीत घर घेतले होते आणि त्यांचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला होता; निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो मात्र प्रक्रियेच्या मुद्द्यावर. या इतिहासामुळे गोऱ्या वस्तीच्या मंडळाचा प्रतिनिधी लिंडनर जेव्हा यंगरांच्या दारात येतो, तेव्हा त्याच्या प्रस्तावाचा आर्थिक अर्थ भयंकर ठरतो. तुम्ही दिले त्याहून अधिक पैसे देऊन आम्ही घर परत घेतो, असे तो म्हणतो. ना थांबायचे, ना धोका. साऱ्या नाटकात खात्रीचा नफा देणारा व्यवहार एवढा एकच आहे, आणि तो त्या घरात राहायला न जाण्याबद्दलचा आहे.

सर्व बुडाल्यावर वॉल्टर लिंडनरला बोलावून घेतो. पैसे घेण्याचे त्याने ठरवले आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही : उरलेले एकमेव भांडवल विकून मुद्दल आणि वर काही मिळणार आहे. ऐन वेळी, मुलासमोर, तो नकार देतो. घरावर कर्ज आहे, हप्ते भरायचे आहेत, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला राबावे लागेल आणि रूथ गरोदर आहे. 'गुंतणे' या मराठी क्रियापदाचा पुरा अर्थ या प्रसंगाला लागू पडतो. लिंडनर याआधी एकदा प्रस्तावाच्या नेमक्या अटी सांगू लागला होता, तेव्हा वॉल्टरनेच त्याला मध्येच थांबवले होते. ती रक्कम किती होती, हे नाटकात कोणालाही कळत नाही.